सामायिक ईमेल फोल्डर : डेटाबेसमधून मॅक्रोद्वारे वाचन

तक्रारी, मागण्या, चौकशा यांसाठी कचेरीत अनेकांना मिळून एकच मेलबॉक्स उघडा ठेवलेला असतो. त्यातील फोल्डर डेटाबेसमधून कोड चालवून उघडण्याची आणि मेलची तारीख, विषय, पाठवणाऱ्याचा पत्ता व मजकूर टेबलात उतरवून घेण्याची पद्धत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेस, आउटलुक हा मेल-प्रोग्रॅम आणि एक्स्चेंज हा सर्व्हर या त्रयीपुरताच येथे विचार केला आहे.

संज्ञा : ‘मॅक्रो’ हा शब्द या संदर्भात सैल आहे. ॲक्सेसमध्ये मॅक्रो म्हणजे तयार क्रियांची यादी. तिच्यातील ‘सेंडऑब्जेक्ट’ (ॲक्सेस २०१० पासून ‘ईमेलडेटाबेसऑब्जेक्ट’) ही क्रिया मेल पाठवू शकते, फोल्डर वाचू शकत नाही. वाचनाचे काम व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स (व्हीबीए) या भाषेत लिहिलेले मॉड्यूल करते. एक्सेल आणि वर्ड वापरणाऱ्यांत अशा कोडलाच मॅक्रो म्हणतात. तीच रूढी ॲक्सेसमध्येही शिरली असून ती आता मोडण्यात अर्थ नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते संभवतात. एका मताने तो आउटलुक ९७ पासून धरावा, कारण इतर प्रोग्रॅमना हाताळता येईल अशी फोल्डर-मेलची वस्तुरचना (ऑब्जेक्ट मॉडेल) आउटलुकने तेव्हा दिली. दुसऱ्या मताने तो थोडा मागे जातो. १९९६ मध्ये आलेल्या एक्स्चेंज ४.० बरोबर मेल कोडने हाताळण्यासाठी ‘ओएलई मेसेजिंग’ नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) होती. पुढे तिला ‘ॲक्टिव्ह मेसेजिंग’ आणि एक्स्चेंज ५.५ च्या सुमारास ‘कोलॅबोरेशन डेटा ऑब्जेक्ट्स’ (सीडीओ) असे नाव मिळाले. ॲक्सेसच्या बाजूने पाहता, नोव्हेंबर १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत ॲक्सेस बेसिक ही वेगळीच भाषा होती; व्हीबीए आले ते ॲक्सेस ९५ मध्ये. सर्व्हरवरचा मेल कोडने वाचण्याची कल्पना आउटलुकच्या आधीची असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रूढ झालेली पद्धत मात्र आउटलुकच्याच वळणाची आहे. सीडीओ १.२१ आउटलुक २००७ बरोबर आपोआप येईनासे झाले, आणि २०१० पासून त्याला पाठिंबाही उरला नाही.

कार्यपद्धती : कोड प्रथम आउटलुकची वस्तू मिळवतो. ती संदर्भ-लायब्ररी जोडून मिळवता येते किंवा कोड चालतेवेळी ‘क्रिएटऑब्जेक्ट’ या आज्ञेने. कचेरीत ऑफिसच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर दुसरा मार्ग बरा. नाहीतर एखाद्या यंत्रावर लायब्ररी ‘मिसिंग’ (सापडत नाही अशी) दिसते आणि तिच्याशी काही संबंध नसलेल्या ओळीही अडतात. यानंतर ‘मॅपी’ नावाचा नेमस्पेस, म्हणजे फोल्डरांकडे नेणारी मूळ वस्तू, घ्यायचा.

सामायिक फोल्डरपर्यंत जाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली नावाने : डावीकडच्या यादीत दिसणारे मेलबॉक्सचे नाव व त्याखालचे फोल्डर एकामागून एक सांगत जायचे. ही वाट सोपी पण कच्ची आहे. पूर्वी मेलबॉक्सच्या नावाआधी ‘मेलबॉक्स -’ असे लागत असे. आउटलुक २०१० मध्ये ते गेले आणि नाव जसेच्या तसे लिहिलेले जुने कोड बंद पडले. दुसरी वाट मालकाच्या पत्त्याने : त्या पत्त्याचा ‘रेसिपिएंट’ तयार करून तो ‘रिझॉल्व्ह’ करायचा, म्हणजे ॲड्रेस बुकात ओळखून घ्यायचा, आणि मग ‘गेटशेअर्डडिफॉल्टफोल्डर’ला तो रेसिपिएंट व फोल्डरचा क्रमांक द्यायचा. इनबॉक्सचा क्रमांक ६, पाठवलेल्या मेलचा ५, कॅलेंडरचा ९. मेलबॉक्स आउटलुकच्या यादीत जोडलेला नसला तरी चालते, पण मूळ ठरीव फोल्डरच मिळतात. इनबॉक्सच्या पोटातले फोल्डर तिथून खाली उतरून शोधावे लागतात. कॅश्ड मोडमध्ये (मेलची प्रत यंत्रावरच ठेवण्याच्या रीतीत) सामायिक फोल्डर उतरवून घेण्याची सोय चालू असेल, तर इनबॉक्स मिळतो आणि पोटातले फोल्डर दिसत नाहीत, असेही आढळते. कोणत्याही वाटेने गेले तरी परवानगी तपासली जाते ती कोड चालवणाऱ्या माणसाची, डेटाबेसची नव्हे. म्हणून एकाच्या टेबलावर चालणारा कोड शेजारच्या टेबलावर चालत नाही.

फोल्डरमध्ये मेलखेरीज बैठकीची निमंत्रणे आणि न पोहोचल्याचे अहवालही असतात. वस्तूचा वर्ग ४३ (म्हणजे मेल) आहे का, हे न पाहता तिला मेल मानणारा कोड त्रुटी क्र. १३ (प्रकार न जुळल्याची) देऊन थांबतो. वाचलेला मेल दुसऱ्या फोल्डरात हलवायचा असेल, तर मोजणी शेवटून पहिल्याकडे करावी. पुढून गेल्यास एकाआड एक मेल सुटतो. कचेरीतल्याच माणसाच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमीच्या रूपात न येता तिरप्या रेघांनी तोडलेल्या एक्स्चेंजच्या लांबलचक रूपात येतो. नेहमीचा पत्ता वेगळा मागून घ्यावा लागतो. तोच मेल दोनदा टेबलात जाऊ नये म्हणून त्याचा ‘एंट्रीआयडी’ (आउटलुकने दिलेला ओळख-क्रमांक) जपण्याची चाल आहे, पण मेल दुसऱ्या स्टोअरमध्ये (मेलबॉक्समध्ये किंवा मेल-फाइलीत) हलवला की तो बदलतो. त्यापेक्षा मेलच्या शीर्षातील मेसेज-आयडी भरवशाचा.

तारखा : सर्वाधिक घोळ इथे होतो. ॲक्सेसच्या क्वेरीत दोन चौकड्यांच्या (#) खुणांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचली जाते. आउटलुकची ‘रिस्ट्रिक्ट’ गाळणी मात्र यंत्राची प्रादेशिक मांडणी मानते. भारतीय मांडणीतील ०५/०३ म्हणजे ५ मार्च, पण ॲक्सेस तिला ३ मे समजतो. २५/०३ ला पंचविसावा महिना नसल्याने तो निमूटपणे २५ मार्च घेतो. त्यामुळे महिन्याच्या बारा तारखेनंतर चाचणी घेणाऱ्याला चूक दिसतच नाही. रिस्ट्रिक्टला सेकंद दिलेले चालत नाहीत. ‘डॅझल’ या दुसऱ्या गाळणीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत धरली जाते. भारतात पहाटे साडेपाचपूर्वी आलेला मेल तिथे आदल्या दिवशी पडतो.

देवनागरी : ॲक्सेस २००० पासून टेबलात मराठी मजकूर युनिकोडमध्ये नीट राहतो. व्हीबीएचा संपादक मात्र जुन्या कोड पेजवर (एखाद्या लिपीपुरत्या अक्षरांच्या कोष्टकावर) चालतो आणि देवनागरीसाठी तसे कोड पेजच नाही. ‘तक्रारी’ हे फोल्डरचे नाव कोडमध्ये टंकले की सात प्रश्नचिन्हे उमटतात. ते ‘सीएचआरडब्ल्यू’ने (युनिकोड क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या फंक्शनने) २३४०, २३२५, २३८१, २३५२, २३६६, २३५२, २३६८ असे जुळवता येते. पण नाव एखाद्या टेबलात ठेवून तिथून वाचणे शहाणपणाचे, कारण फोल्डरचे नाव बदलले तर कोडला हात लावावा लागत नाही.

सुरक्षा : मार्च १९९९ मधील मेलिसा आणि मे २००० मधील आयलव्हयू या विषाणूंनी आउटलुकच्या याच दारातून, म्हणजे वस्तुरचनेतून, मेल पसरवले. त्यानंतर आलेल्या सुरक्षा-सुधारणेमुळे बाहेरचा कोड पत्ता वाचू लागला की परवानगी विचारणारी चौकट उघडू लागली. रात्री आपोआप चालणारी कामे सकाळी त्या चौकटीपाशी थांबलेली सापडत. आउटलुक २००७ पासून अँटिव्हायरस अद्ययावत असल्यास ती सहसा येत नाही.

पर्याय : आउटलुकचे फोल्डर ॲक्सेसमध्ये थेट टेबल म्हणून जोडता येते, मात्र क्षेत्रे निवडण्याची मुभा फार थोडी. ॲक्सेस २००७ मध्ये मेलने माहिती गोळा करण्याची सोय होती, ती २०१३ मध्ये काढली. विंडोजवरील नव्या आउटलुकमध्ये बाहेरून व्हीबीएने हाताळण्याची सोय नाही. वरील सारे जुन्या, ‘क्लासिक’ म्हटल्या जाणाऱ्या आउटलुकला लागू आहे. नव्या व्यवस्थेत ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’मार्फत थेट सर्व्हरकडे विचारणा करावी लागते आणि त्यासाठी आधी ॲप्लिकेशनची नोंदणी लागते.