पर्जन्यजल तळ्यांच्या गाळातील जड धातू

रस्ते, छपरे आणि वाहनतळांवरून वाहणारे पावसाचे पाणी नदीला मिळण्याआधी थोपवण्यासाठी शहरांत तळी खोदली जातात. पाणी तिथे संथ होते आणि त्यातला गाळ तळाशी बसतो. या गाळात जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू वर्षानुवर्षे साचत जातात. अमेरिकेत अशी तळी फार असल्याने तिथे याचा बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७८ ते १९८३ या काळात देशभर केलेल्या पाहणीत शहरी पावसाच्या पाण्याच्या ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत तांबे, शिसे आणि जस्त सापडले.

जस्त येते ते टायरच्या झिजेतून आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून. तांबे मुख्यतः ब्रेक पॅडच्या भुकटीतून. शिसे हा बराचसा जुन्या पेट्रोलचा वारसा आहे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झाले, त्यामुळे जुन्या तळ्यांत शिसे अनेकदा खालच्या थरांत जास्त आढळते.

धातू कुजत नाहीत, विरत नाहीत. ते चिकणमातीच्या बारीक कणांना आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटतात. प्राणवायू नसलेल्या खोल गाळात त्यांची सल्फाइडे बनतात आणि ती पाण्यात सहसा विरघळत नाहीत. मात्र गाळ ढवळला, उघडा पडून वाळला किंवा थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ तळ्यात उतरले, की धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. कॅडमियम आणि जस्त विशेषकरून. बेडूक आणि चतुर याच तळ्यांत अंडी घालतात, म्हणून ही बाब गंभीर आहे. २००० साली मांडलेल्या एका प्रचलित निकषानुसार किलोभर कोरड्या गाळात जस्त ४५९, तांबे १४९ किंवा शिसे १२८ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर तळातील जिवांना अपाय होण्याची शक्यता मोठी असते.

गाळ साचला म्हणजे तळे बिघडले, असे नव्हे; नदीत जाणारे धातू त्याने अडवले आहेत. पण तो उपसावाच लागतो, आणि उपसण्यापूर्वी तपासावाही लागतो. धातूंचे प्रमाण जास्त निघाले तर तो शेतात वा भरावात टाकता येत नाही आणि विल्हेवाटीचा खर्च खूप वाढतो. त्यापेक्षा धातू उगमापाशीच रोखणे शहाणपणाचे. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने ब्रेक पॅडमधील तांब्यावर २०२१ पासून ५ टक्के आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. टायरमधील जस्ताचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण रबर पक्के करताना लागणाऱ्या झिंक ऑक्साइडला तोडीस तोड पर्याय सहज मिळत नाही.