बंडल, रोलर आणि पाव मीटर वायर

कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये शेतीपंपांचे स्टार्टर पॅनल तयार होतात. प्रत्येक पॅनलला लाल, पिवळ्या आणि निळ्या वायरचे ठरलेल्या मापाचे तुकडे लागतात. हे तुकडे दोन मावश्या फळीवर कापायच्या. फळीवर पाव मीटर अंतराने दोन खिळे ठोकलेले. वायर एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणायची आणि कटर दाबायचा. दिवसभरात हजारभर वेळा कटर दाबला की संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकायचं. हे काम यंत्रावर घ्यायचं म्हणून मी त्या शेडमध्ये जायला लागलो. वायर ओढणं आणि कापणं सोपं निघालं. सगळा वेळ गेला तो मोजण्यात.

अशा यंत्राचा गाभा म्हणजे दोन रोलर. वायर त्यांच्या चिमटीतून जाते आणि खालचा रोलर स्टेपर मोटरवर बसवलेला असतो. साधी मोटर वीज मिळाली की गरगर फिरत राहते. स्टेपर मोटर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी ठोक्याठोक्याने सरकते. विजेचा एक ठोका दिला की एक पाऊल, म्हणजे नेहमीच्या मोटरीत 1.8 अंश. अशी 200 पावलं झाली की एक फेरा पूर्ण. मोटर चालवणारं सर्किट याच पावलाचे आणखी आठ भाग करू शकतं, म्हणजे फेऱ्याला 1600 पावलं. रोलरचा व्यास 20 मिलिमीटर असेल तर त्याचा घेर 62.83 मिलिमीटर. भागाकार केला की मिलिमीटरला 25.46 पावलं येतात, आणि पाव मीटर वायर सोडायला 6366 ठोके द्यायचे.

कागदावर हिशेब चोख होता. पहिला तुकडा पट्टीला लावला तर भरला 247 मिलिमीटर. दुसरा 247. दहावाही 247.

हे बघून मला बरं वाटलं, आणि त्याचं कारण सांगायला हवं. दहाही तुकडे सारखेच आखूड असतील तर चूक एका आकड्यात आहे. रोलर घासून किंवा मुळातच लेथवर जरा बारीक उतरून 20 ऐवजी 19.76 चा असला, तरी प्रत्येक फेऱ्याला ठरावीक वायर कमी सुटते. रोलरची रबरी कड दाबली गेली तरी तेच होतं. नेमकं कारण शोधत बसायची गरज नसते. 25.46 च्या जागी 25.77 टाकलं की तुकडा 250 भरतो. आकड्याची चूक आकड्यानेच निघते.

खरा त्रास पुढे, बंडल बदलल्यावर सुरू झाला. तुकडे निघाले 250, 246, 250, 243. इथे कुठलाच आकडा कामाचा नाही, कारण चूक दर वेळी वेगळी आहे. मी मोटरीचा वेग कमी केला, सर्किट बदललं, प्रोग्रॅम दोनदा तपासला. शेवटी तिथले जुने फिटर काका जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोटर चांगलीय ओ. बंडल अडतंय, तिकडं बघा की."

काकांचं बरोबर होतं. रोलर वायरला फक्त घर्षणाने ओढतो. वायरवर जेवढा दाब, त्या प्रमाणात पकड, आणि त्या पकडीला मर्यादा असते. तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर असलेल्या वायरचं 90 मीटरचं बंडल साधारण दोन किलोचं. रोलर सुरू होताक्षणी ते अख्खं बंडल जागेवरून हलवायचं असतं. तेवढा झटका पकडीबाहेर गेला की रोलर फिरतो आणि वायर जागीच राहते. स्टेपर मोटरला यातलं काहीच कळत नाही. तिने ठरलेली पावलं मोजली, तिचं काम झालं. वरचा रोलर दाबणारी स्प्रिंग घट्ट करून दाब वाढवला तर वायरवरचं पीव्हीसी चेपतं आणि त्यावर रोलरचे व्रण उमटतात.

बंडल नुसतं जमिनीवर ठेवून वरून वायर ओढली तर आणखी एक गोष्ट होते. प्रत्येक वेढ्यामागे वायरला एक पूर्ण पीळ बसतो. घरात फिटिंग करणारा माणूस बंडल हातात फिरवत फिरवत सोडतो ते याचसाठी. यंत्रातही बंडल फिरत्या स्टँडवर हवं. शिवाय स्टँड आणि रोलर यांच्यामध्ये वायरचा एक सैल झोळ सोडायचा, त्यावर हलकी दांडी टेकवायची. झोळ आखडला की दांडी वर जाते आणि स्टँडची स्वतंत्र मोटर बंडल थोडं सोडते. नळाला पाणी कधीही येवो, गच्चीवरची टाकी भरलेली असली की घरात अडत नाही, तसंच हे. आता रोलरला बंडल ओढावं लागत नाही, फक्त झोळातली चार हात वायर उचलावी लागते. झोळ बसवला त्या दिवशी सलग पन्नास तुकडे मोजले. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता.

मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू न करता हळूहळू वेग वाढवणं आणि थांबताना तसाच कमी करणं, हेही त्याच कारणासाठी. झटका आला की रोलर घसरतो, नाहीतर मोटरच पाऊल चुकते.

वायरला बंडलातलं वळण लक्षात राहतं. वाकलेला खिळा सरळ करताना तो बरोबर सरळ रेषेत आणून सोडला तर पुन्हा जरा वाकतो, म्हणून थोडा पलीकडे न्यावा लागतो. तांब्याचंही तसंच. म्हणून खालीवर मांडलेल्या छोट्या चाकांमधून वायर नागमोडी नेतात. पहिली चाकं जास्त वाकवतात, पुढची कमी कमी, आणि बाहेर पडते ती सरळ. चाकांचा दुसरा संच पहिल्याला काटकोनात लावतात, कारण वळण एकाच पातळीत नसतं.

कापायला लागणारा जोर तारेच्या छेदावर आणि धातूवर अवलंबून. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याला अंदाजे 25 किलो. पातं दाबणारा 32 मिलिमीटर व्यासाचा हवेचा सिलिंडर सहा बार दाबाला साधारण 49 किलो देतो, तेव्हा तो पुरतो. पण तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारलं, मांडवाची तार कापेल का यावर? अडीच मिलिमीटरच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेला पावणेदोनशे किलोच्या आसपास जोर लागतो. तिथे लिव्हर लावून जोर वाढवायला हवा, पातंही जाड हवं. पात्यांच्या फटीचं मात्र दोन्हीकडे सारखंच महत्त्व. फट वाढली की तांब्याच्या केसासारख्या तारा कापल्या न जाता दुमडतात आणि टोकाला मिश्या फुटतात. अशी एक मिशी शेजारच्या टर्मिनलला टेकली की पॅनल गेलं. पात्यावर झाकण, आणि झाकण उघडं असताना हवा बंद, ही सोय मी पहिल्याच दिवशी केली होती. त्यात तडजोड नको.

आता मावश्या यंत्राशेजारी बसून टोकांना लग्ज, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोप्या, दाबतात. यंत्राच्या झाकणावर त्यांनीच मार्करने तीन आकडे लिहून ठेवलेत, लाल वायरला 25.77, पिवळीला 25.74, निळीला 25.81. नवीन बंडल लावलं की त्या पहिले दहा तुकडे अजूनही जुन्या फळीवर, त्याच दोन खिळ्यांमध्ये लावून बघतात.