आजोबांना पारावर ऐकू येतं, मग घरात का नाही?

बेळगाव-खानापूर भागात कुठल्याही गावात गेलात तरी हे गाऱ्हाणं कानावर येतं. ‘घरात चार हाका मारल्या तरी आजोबा वळत नाहीत, आणि पारावर मात्र तास-तास गप्पा कशा रंगतात?’ मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतंय त्यांना.’ हा आरोप खोटा आहे आणि म्हाताऱ्या माणसाला तो फार लागतो. दोष बहुतेक वेळा थकलेल्या कानाचा आणि नव्या घराच्या घुमणाऱ्या हॉलचा असतो.

आधी कान बघू. आतल्या कानात शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयानुसार त्याच आधी जातात. गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. बोलण्यातल्या ‘आ’, ‘ओ’ अशा स्वरांचा जोर मुख्यतः १००० हर्ट्‌झच्या खाली असतो, तर स, श, त, च ओळखू येतात ते साधारण २००० ते ८००० हर्ट्‌झमधल्या बारीक आवाजावरून. म्हणून ‘आज्जी, ताप आलाय’ म्हटलं की आज्जी ‘साप? कुठं आलाय?’ म्हणून दचकते. तिला आवाज पोचलाय, व्यंजन पोचलेलं नाही.

अशा कानाला खोली आणखी अडवते. पूर्वीच्या कौलारू घरात आढ्याच्या फटी, उघडी पडवी, भिंतीशी धान्याची पोती, खुंट्यांवर कपडे आणि घोंगडी असायची. आवाज बाहेर निघून जायचा किंवा पोत्याकपड्यांत मुरायचा. त्या घरांत अंधार होता, जिने अंगावर येणारे होते, ते सगळं परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आता वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी आणि चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर. अशा पृष्ठभागावर आवाज आपटला की त्यातली जेमतेम २ टक्के ऊर्जा शोषली जाते, बाकीची परत फिरते.

हे मोजायचं कसं, याचं उत्तर हार्वर्डमधल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने दिलं, आणि त्याचं काम मला अतिशय आवडतं. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. १८९५ पासून सॅबाइन रात्री-रात्री तिथे बसला. ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो खोलीत मांडत गेला आणि दर वेळी वेळ किती घटतो ते नोंदवत गेला. त्यातून सूत्र निघालं: घुमण्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. या काळात आवाजाची ऊर्जा दशलक्षांश उरते. शोषण मोजायला त्याने एकक निवडलं उघड्या खिडकीचं. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच हॉल घ्या. घनफळ ६०, भिंती-छत-जमीन मिळून ९४ चौरस मीटर. त्याचे २ टक्के म्हणजे शोषण १.९. चार माणसांचे मिळून अंदाजे २ आणि उघड्या खिडकीचे २. एकूण ५.९. उत्तर येतं सुमारे १.६ सेकंद. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो, म्हणजे एका अक्षराची शेपटी पुढच्या सहा-सात अक्षरांवर पसरते. स्वर जोरकस असल्याने त्याची शेपटी लांब, आणि पुढचं नाजूक व्यंजन नेमकं तिच्याखाली दबतं. पावसाळ्यात खिडकी बंद झाली की हेच २.५ सेकंदांवर जातं, वर गच्चीच्या पत्र्याचा ताशा वेगळाच. पारावर भिंत नाही, छत नाही. आवाज एकदाच कानावर येतो.

मोठ्याने बोलून हे सुटत नाही. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि घुमणंही त्याच प्रमाणात वाढतं. जवळ जा, समोर बसा, सावकाश बोला.

याच हॉलचा त्रास घरातल्या सगळ्यांत लहान माणसालाही होतो. नातवाचे कान उत्तम असतात, पण गोंगाटातून शब्द वेगळा काढण्याचं मेंदूचं कसब किशोरवयापर्यंत पिकत असतं. आपल्या सीमाभागातलं मूल घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकतं. नव्या भाषेतला शब्द घुमणाऱ्या खोलीत पकडणं मातृभाषेपेक्षा नक्कीच अवघड जातं. म्हणूनच अमेरिकेतल्या मानकात नेहमीच्या आकाराच्या वर्गखोल्यांसाठी घुमण्याच्या काळाला ०.६ सेकंदांची मर्यादा घातलेली आहे.

त्याच हॉलला १० चौरस मीटर जाड, चुण्यांचे पडदे लावा (शोषण साधारण ५), जाड जाजम अंथरा (२.४), गादीचा सोफा किंवा दिवाण ठेवा (३). आधीचं ५.९ धरून बेरीज १६.३ होते आणि काळ ०.६ सेकंदांच्या खाली येतो. जाजमाच्या कडा मात्र जमिनीला पक्क्या बसवा, म्हाताऱ्यांचे पाय त्यातच अडकतात. ‘साउंडप्रूफ’ रंगाच्या जाहिरातींना भुलू नका. रंगाचा पातळ थर आवाज अडवत नाही आणि शोषतही नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले तर उपयोग नगण्य आणि आगीचा धोका खरा. वास्तुदोष म्हणून दार फोडून ईशान्येला नेण्यावर लोक हजारो रुपये घालतात. दिशेचा घरातल्या सुखाशी संबंध असल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्याच पैशात पडदे येतात, आणि आजोबांची श्रवण तपासणीही होते. श्रवणयंत्र घेतलं तरी खोली सुधारावी लागते, कारण यंत्र बोलण्याबरोबर घुमणंही वाढवतं. मग ‘नुसता कलकलाट होतो’ म्हणून ते कपाटात जाऊन पडतं.

गावोगावच्या नव्या समाजमंदिरांत आणि विठ्ठल मंदिरांच्या सभामंडपांत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. सप्ताहात कीर्तन कळेना की माईक वाढवला जातो, आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आणखी कमी कळतं. दोन प्रचंड स्पीकरांऐवजी खांबाखांबावर लहान स्पीकर श्रोत्यांकडे वळवून लावावेत, प्रत्येकाचा आवाज कमी ठेवावा आणि मागच्या भिंतीवर जाड कापड सोडावं. सभामंडपाचा नकाशा अजून कागदावर असेल, तर छताखाली शोषक तक्त्यांची तरतूद आताच करून घ्यावी. स्लॅब पडल्यावर तेच काम जास्त महाग पडतं.