उजवं चाक आधी का जातं?

लंबगोल मैदानावरची हौशी गाड्यांची शर्यत संपली, की जिंकणाऱ्याभोवती गर्दी होते. खरी बघण्यासारखी जागा मात्र दुसरीकडे असते. दोरीनं ओढून आणलेल्या गाड्या जिथं उभ्या करतात, तिथं जावं. एकीचं उजवं व्हील बेअरिंग गुरगुरतंय. दुसरीचा उजवा पुढचा टायर बाहेरच्या कडेला सोलून निघालाय. तिसरी प्रत्येक वळणावर मिसिंग मारत होती आणि सरळ पट्ट्यात आली की शहाण्यासारखी पळत होती. चौथीचं इंजिनच सीज, म्हणजे पार जाम, झालंय. या सगळ्या गाड्यांची डावी बाजू मात्र बऱ्यापैकी धडधाकट असते.

आणि वेग किती होता? सरळ पट्ट्यातसुद्धा साठ-सत्तरच्या घरात. हीच जुनी मारुती ८०० मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ऐंशीनं तक्रार न करता लोणावळ्यापर्यंत जाते. म्हणजे गाडी वेगानं मेली नाही. ती मेली सतत एकाच बाजूला वळल्यामुळे.

पुण्याच्या आसपास असा खेळ करायचा तर तो सपाट माळावर, मुरूम दाबून आणि चुन्यानं कडा आखून. गाडी बहुतेक वेळा जुनी ८०० असते, कारण ती हलकी, सुटे भाग नाना पेठेत मिळतात आणि चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला ती डोळे मिटून खोलता येते. (आत लोखंडी पिंजरा, चांगला पट्टा आणि हेल्मेट हे गृहीत धरतोय. रात्री हायवेवर ‘रेस’ लावणाऱ्यांसाठी हा लेख नाही.) समजा दोन टोकांना ३० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं आहेत, मध्ये ८० मीटरचे दोन सरळ पट्टे आहेत आणि फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे प्रत्येक वळण डावं.

घट्ट दाबलेल्या मुरमावर टायरची पकड गाडीच्या वजनाच्या ०.६ पट धरू. या पकडीत ३० मीटरच्या वळणावर जास्तीत जास्त वेग येतो ताशी ४८ किलोमीटर. त्या वेगानं एक वळण पार करायला सात सेकंद लागतात, मधला सरळ पट्टा चार-पाच सेकंदांत संपतो. म्हणजे गाडी शर्यतीतला निम्म्याहून जास्त वेळ वळतच असते. रोजच्या रस्त्यावर इतक्या जोरात वळण घ्यायची वेळ क्वचित येते, आली तरी दोन सेकंदांत स्टिअरिंग सरळ होतं आणि पुढचं वळण उजवंही असू शकतं. आपल्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या असतात, डावी-उजवी सारखी.

आता वजनाचं बघू. गाडी साधारण ६५०, चालक ७०, मिळून ७२० किलो. डावीकडे वळायला लागणारा जोर टायर आणि जमीन यांच्यामध्ये लागतो, पण गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर असतो. खालून डावीकडे ओढलं जातंय आणि वरचा भाग आपल्या सरळ वाटेनं जाऊ बघतोय, म्हणून गाडी उजवीकडे झुकते आणि डाव्या चाकांवरचा भार उजव्यांवर जातो. किती, ते काढणं सोपं आहे. वजन ७२०, त्याला पकडीच्या ०.६ नं आणि उंचीच्या अर्ध्या मीटरनं गुणायचं आणि दोन चाकांमधल्या १.२ मीटर अंतरानं भागायचं. उत्तर येतं १८० किलो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना ३६०-३६० असलेला भार वळणात ५४० आणि १८० होतो. उजवी बाजू डावीच्या तिप्पट भार वाहते, सात सेकंद, मग जरा दम, मग परत सात सेकंद.

बॉल बेअरिंगच्या आयुष्याचा नियम कडक आहे. भार दीडपट झाला, की आयुष्य दीडाच्या घनानं कमी होतं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतं. त्यात वळताना चाकाला खालून आडवा रेटा बसतो. तो टायरच्या त्रिज्येइतक्या लांबीच्या पहारीनं बेअरिंग उचकटावं तसं काम करतो. उजवं बेअरिंग आधी गुरगुरणारच.

टायरचं दुःख थोडं वेगळं आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमी वाढते. त्यामुळे डाव्या टायरची जेवढी पकड जाते तेवढी उजव्याला परत मिळत नाही आणि एकूण हिशेबात गाडी तोट्यात राहते. भार सगळ्या चाकांवर शक्य तितका सारखा राहावा म्हणून जी धडपड करतात, ती याचसाठी.

इथं आपल्याकडची एक गंमत आहे. अमेरिकेत पाव-अर्ध्या मैलाच्या लंबगोल मैदानांवर हा खेळ गावोगावी चालतो, तोही घड्याळाच्या उलट. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं वजन हवंच असतं. आपला चालक उजवीकडे. मधल्या रेषेपासून तीसेक सेंटिमीटर बाजूला बसलेला ७० किलोचा माणूस उजव्या चाकांवर १७-१८ किलो जादा टाकतो आणि तेवढेच डाव्यांवरून काढतो. तिकडची दिशा जशीच्या तशी उचलून आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. भारतात ही शर्यत घड्याळाच्या दिशेनं लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आयोजक ऐकत नसतील तर नियमात बसेल तितकं सामान डावीकडे हलवायचं, बॅटरीपासून सुरुवात करून.

हे वजन मोजायला महागडे काटे लागत नाहीत. भंगारवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. एक चाक काट्यावर, बाकीची तीन काट्याच्याच उंचीच्या फळ्यांवर आणि चालक आत बसलेला. फळी बोटभर कमी-जास्त झाली तरी आकडा फसवतो. भोसरीत आम्ही हे करत होतो तेव्हा दुकानदारानं शांतपणे विचारलं, “भाऊ, द्यायचीच आहे ना गाडी? मग सगळी एकदम चढवा की.”

चारही आकडे हातात आले की तिरकी बेरीज करतात: उजवं पुढचं अधिक डावं मागचं. डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, की वजन त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातं, उरलेले दोन हलके होतात. गाडीत पुठ्ठ्याऐवजी स्प्रिंगखाली पॅकिंग घालतात. ८०० चं इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं ओढणारी, त्यामुळे वळणात तिचं नाक हट्टानं सरळ जातं. अशा गाडीला मागच्या उजव्या स्प्रिंगखाली पॅकिंग दिलं, की ती आणि तिची तिरकी जोडीदार, म्हणजे डावी पुढची, जास्त भार घेतात. उजव्या पुढच्या चाकाचा जीव थोडा हलका होतो आणि नाक वळायला लागतं. काही मिलिमीटरच्या पॅकिंगनं फरक जाणवतो.

पण चाकं, बेअरिंगं, स्प्रिंगा बदलता येतात. खिसा रिकामा होतो तो इंजिनात.

वळणात गाडीतला प्रत्येक द्रव एका बाजूला चढतो. ०.६ पट जोर असेल तर त्याचा पृष्ठभाग ३१ अंशांनी कलतो. इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये जेमतेम तीन लिटर ऑइल असतं. ते सात सेकंद उजव्या भिंतीला चिकटून उभं राहतं. ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळाशी ठरावीक जागी असते. ती जागा उघडी पडली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगचे कवच, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ‘मेटल’ म्हणतात, हे चालू इंजिनात एकमेकांना टेकलेले नसतात. फिरणारा दांडा स्वतःच ऑइल आपल्या खाली खेचून घेतो, त्याची पाचर तयार होते आणि दांडा तिच्यावर तरंगतो. या थराची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी, केसापेक्षा कितीतरी बारीक. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर अर्धा सेकंद ऑइल आलं नाही, तर दांडा तेवढ्यात चाळीस फेऱ्या मारून मोकळा होतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा त्या वेळी लुकलुकतो, पण वळणात त्याच्याकडे बघतो कोण.

असं इंजिन खोलल्यावर मेटल हातात घेऊन उजेडात फिरवून बघावं. धड मेटल मंद राखाडी असतं, एकसारखं. पोलादाच्या पाठीवर तांबे-शिशाचा थर आणि त्यावर आणखी मऊ धातूचा पातळ मुलामा. हा मुलामा बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतो आणि दांड्याला ओरखडा पडू देत नाही. उपाशी राहिलेल्या मेटलमध्ये मधोमध तांबूस पट्टा दिसतो, कडांना राखाडी उरलेलं. म्हणजे मुलामा गेला, तांबं उघडं पडलं. त्यावर नखानं लागतील अशा रेघा असतील तर क्रँकही ग्राइंडिंगला पाठवायचा. आमचे मिस्त्री चेंबर खाली काढून त्याच्या तळाशी बोट फिरवतात. बोटाला चमचमती कणी लागली तर पुढचं काही सांगत नाहीत, फक्त बोट आपल्यासमोर धरतात.

यावरचा जुना उपाय चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करण्याचा. जाळीभोवती एक कप्पा होतो, ऑइल आत येतं पण झटक्यात बाहेर जात नाही. दुसरा उपाय अर्धा लिटर ऑइल जास्त भरण्याचा. तो चालतो, पण जपून. पातळी फार वर गेली तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. मोठ्या शर्यतीच्या गाड्यांत हा प्रश्न मुळातच संपवलेला असतो: ऑइल चेंबरमध्ये साठवतच नाहीत, वेगळे पंप ते ओढून उंच टाकीत नेतात.

कार्ब्युरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारं भांडं असलेल्या) जुन्या गाडीचं मिसिंग याच कुळातलं. त्याच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल ३१ अंश कललं, की पातळी राखणाऱ्या तरंगत्या फ्लोटला ती चुकीची वाटते आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, एक तर उपाशी किंवा तुडुंब. सरळ आल्यावर सगळं ठीक. नंतरच्या एमपीएफआय (पेट्रोल फवाऱ्यानं सोडणाऱ्या) गाडीत कार्ब्युरेटर नाही, पण टाकीत पेट्रोल कमी असेल तर तिथला पंप उघडा पडतो. लोक वजन वाचवायला टाकीत तळाशी थोडंसं पेट्रोल ठेवतात आणि मग प्लग बदलत बसतात.

आता हे ३१ अंश लक्षात ठेवून अमेरिकेतल्या डेटोनाकडे बघा. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या अडीच मैलांच्या धावपट्टीची वळणं नेमकी ३१ अंशांनी कललेली आहेत. रस्ताच इतका कलता असेल, तर एका ठरावीक वेगाला गाडीला आडवा जोर लागतच नाही, चेंबरमधलं ऑइल गाडीच्या हिशेबानं सपाट राहतं. अभियंते याला तटस्थ वेग म्हणतात. आपल्याकडे इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे, त्याच्या वळणांचा तटस्थ वेग ताशी २५० किलोमीटर ठेवलेला आहे. डेटोनाच्या गाड्या तटस्थ वेगाच्या पुष्कळ वर जातात, म्हणून त्यांनाही उजव्या बाजूचा त्रास आहेच. पण सपाट मुरमावर तटस्थ वेग शून्य. ज्या हौशी खेळाडूकडे सगळ्यात कमी पैसे, त्याच्या वाट्याला तटस्थ वेगच नसलेलं मैदान.

उष्णतेचं गणित पुण्याचं खास आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांना उकळतं. एप्रिलच्या चाळीस अंशांत हवा समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या प्रमाणित हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद तितकी घटते आणि रेडिएटरला थंड करणारी हवाही तितकीच कमी. त्यात दुसरा गिअर, पाय तळाला आणि जाळीत मुरमाची धूळ. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी ११७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ही सगळी सवलत जाते आणि आपण परत ९८ वर. ज्या इंजिनात ब्लॉक (खालचा भाग) बिडाचा आणि हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं असतं, तिथं हेड ब्लॉकच्या दुपटीनं प्रसरण पावतं आणि मधलं गॅस्केट भरडलं जातं. नव्या झाकणाला आणि कूलंटला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी हेड लेथवर नेण्याचा खर्च विचारून घ्यावा.

ब्रेकचं फार सांगण्यासारखं नाही. मुरमावर ते कमीच लागतात. ब्रेकचं ऑइल पावसाळ्यानंतर एकदा बदलावं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं.

डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, मात्र छळतं. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, त्यामुळे हलकं झालेलं डावं पुढचं चाक जेवढं झेपवेल तेवढंच उजव्याला मिळतं. डावं जागीच गरगरतं आणि वळण सुटताना अचानक पकड घेतं. तो झटका थेट सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या वळत्या सांध्यावर, जातो. अमेरिकेतल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत दोन्ही चाकं एकत्र बांधतात आणि उजवा टायर मोठा घालतात. ३० मीटरच्या वळणाला बाहेरचं चाक आतल्यापेक्षा चार टक्के जास्त अंतर कापतं, ८०० च्या टायरच्या परिघात ते ६५ मिलिमीटर भरतं. हे बघून काही जण ८०० च्या उजवीकडे मोठा टायर चढवतात. डिफरेन्शियल मोकळं असताना त्याचा वळायला काही उपयोग नाही, ते हा फरक स्वतःच भरून काढतं. गाडी फक्त उजवीकडून उंच होते.

पहिला वळीव पडला, की हा सगळा हिशेब अर्ध्यावर येतो. ओल्या मुरमावर पकड ०.३ झाली तर वळणातला वेग ताशी ३४ वर उतरतो, भाराची अदलाबदल ९० किलोंवर आणि ऑइलचा कल १७ अंशांवर. चेंबरमधली जाळी बुडालेली राहते, मेटल वाचतं, बेअरिंगं गप्प बसतात. त्या दिवशी गाड्या बंद पडतात त्या चिखलानं रेडिएटरची जाळी लिंपली गेल्यामुळे, आणि सोबत पाण्याचा पाइप आणलेला माणूस शर्यत पूर्ण करतो.