सिएटलचा क्वार्टरबॅक कोण? २०१२ च्या वादाची पार्श्वभूमी

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिएटल शहरात अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकाच प्रश्नावर वाद चालू होता. सीहॉक्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, म्हणून मैदानात पहिल्यांदा कोणाला उतरवावे, हा तो प्रश्न. मार्च महिन्यात संघाने मॅट फ्लिनशी तीन वर्षांचा करार केला होता आणि त्यातील सुमारे १ कोटी डॉलरची रक्कम हमीची होती. मात्र त्याआधीच्या चार हंगामांत फ्लिनला अवघ्या दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळायला मिळाले होते. एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीत ७५ व्या क्रमांकावर घेतलेल्या रसेल विल्सनने तर व्यावसायिक मैदानावर एकही चेंडू फेकलेला नव्हता. आदल्या वर्षीचा क्वार्टरबॅक टार्व्हारिस जॅक्सन तिसरा दावेदार होता, पण त्याच्याबद्दल फारशी आशा कोणी बाळगून नव्हते. म्हणजे वाद प्रत्यक्षात होता तो दोन अननुभवी खेळाडूंमध्येच.

या वादाचे मूळ आधी खेळाच्या रचनेत शोधावे लागते. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. प्रशिक्षकांनी निवडलेली खेळी त्याला शिरस्त्राणातल्या रेडिओवरून ऐकू येते, आणि खेळी सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे समोरच्या बचावाची मांडणी ओळखणे, आपल्या सहकाऱ्यांच्या जागा बदलणे आणि चेंडू हाती आल्यावर दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा ते ठरवणे, हे सगळे त्याच्या एकट्यावर असते. बाकीच्या जागांवर राखीव खेळाडू सामन्यात अधूनमधून येऊन जातात, त्यामुळे त्यांचे पाणी प्रशिक्षकांना जोखता येते. क्वार्टरबॅक मात्र शक्यतो बदलला जात नाही. सरावात त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचा सदरा असतो आणि त्याला पाडण्याची कोणालाच मुभा नसते. ज्या परिस्थितीत त्याची खरी परीक्षा होते, ती परिस्थिती सरावात निर्माणच होत नाही. राखीव क्वार्टरबॅक चार-चार वर्षे संघात असूनही त्याच्याविषयी कोणालाच काही ठामपणे सांगता येत नाही, ते यामुळेच.

सिएटलने हा अनुभव स्थापनेपासून घेतलेला होता. १९७६ मध्ये संघ पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्याचा क्वार्टरबॅक होता डावखुरा जिम झॉर्न. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नव्हते आणि डॅलसने त्याला संघात घेऊन पुन्हा वगळले होते. सिएटलमध्ये मात्र तो अनेक वर्षे टिकला. १९८३ मध्ये चक नॉक्स प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी हंगामाच्या मध्यावर लोकप्रिय झॉर्नला बाजूला करून डेव्ह क्रेगला पुढे आणले. क्रेगचीही ड्राफ्टमध्ये निवड झालेली नव्हती, आणि विस्कॉन्सिनमधील ज्या मिल्टन महाविद्यालयातून तो आला, ते तर आदल्याच वर्षी कायमचे बंद पडले होते. त्या हंगामात सीहॉक्स प्रथमच एएफसी या, लीगच्या दोनपैकी एका विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

यानंतर संघाने नेमकी उलट वाट धरली आणि तिथे त्याचे हात चांगलेच पोळले. १९९१ च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, १६ व्या क्रमांकावर, सिएटलने डॅन मॅग्वायरला निवडले. ६ फूट ८ इंच उंचीच्या या खेळाडूला बचावपटूंच्या डोक्यावरून सगळे मैदान दिसेल, असे मानले जात होते. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे ग्रीन बेचा गाजलेला क्वार्टरबॅक ठरलेला ब्रेट फार्व्ह ३३ व्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. मॅग्वायरला सिएटलमध्ये मोजकेच सामने मिळाले आणि त्यांत तो चमकला नाही. १९९२ च्या हंगामात संघाने तीन क्वार्टरबॅक वापरून पाहिले, १६ पैकी केवळ २ सामने जिंकले आणि संपूर्ण हंगामात अवघे १४० गुण मिळवले. न्यू इंग्लंडचीही तीच अवस्था होती. पुढच्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने पहिल्या क्रमांकावर ड्रू ब्लेडसोला घेतले आणि दुसऱ्या क्रमांकावर सिएटलच्या वाट्याला रिक मायरर आला. मायररचे पहिले वर्ष आशादायक गेले, पण नंतर त्याची प्रगती खुंटली आणि १९९७ मध्ये त्याला शिकागोला देऊन टाकण्यात आले.

मायरर गेला त्याच वर्षी सिएटलमध्ये वॉरन मून आला. त्याची कहाणी इथे सांगायलाच हवी, कारण ‘याने अजून काही सिद्ध केलेले नाही’ हा आक्षेप अमेरिकेत सर्वांना सारख्या मापाने लावला जात नव्हता. मूनने याच शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला १९७८ च्या जानेवारीत रोझ बोल या महाविद्यालयीन संघांच्या मानाच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध विजय मिळवून दिला होता. तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याला निवडले नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंनी क्वार्टरबॅकची जागा सोडून दुसरीकडे खेळावे, अशी तेव्हाची रीत होती आणि मूनला ती मान्य नव्हती. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाबरोबर सलग पाच वेळा ग्रे कप हे तिथले विजेतेपद जिंकले आणि त्यानंतरच एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची दारे त्याच्यासाठी उघडली. पाच विजेतेपदांनंतर मिळालेली संधी ही खरे तर संधी नव्हे, ती उशिरा फेडलेली थकबाकी होती. २०१२ मध्ये विल्सनविषयीचा वाद रंगात आला, तेव्हा सीहॉक्सच्या सामन्यांचे रेडिओवर विश्लेषण हाच मून करत होता.

२००१ मध्ये इतिहासाची आणखी एक फेरी झाली. प्रशिक्षक माइक होमग्रेन यांनी ग्रीन बेमधून मॅट हॅसलबेकला आणले. फार्व्हच्या मागे बसून राहिल्यामुळे त्याने तोवर एकाही सामन्यात सुरुवात केलेली नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत बाल्टिमोरबरोबर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेला ट्रेंट डिल्फर पुढे त्याच्या जोडीला आला आणि दोन हंगाम हा की तो असे चालले. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसमध्ये डिल्फरच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि निर्णय आपोआप झाला. पुढे याच हॅसलबेकने संघाला २००६ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा सुपर बोलपर्यंत नेले. त्याचा उमेदीचा काळ सरत आला तेव्हा २०१० मध्ये पीट कॅरोल प्रशिक्षक आणि जॉन श्नायडर जनरल मॅनेजर झाले. त्यांनी प्रथम चार्ली व्हाइटहर्स्टला आणले. चार वर्षे सॅन डिएगोत राहूनही त्याने नियमित हंगामात एकही चेंडू फेकलेला नव्हता. तो प्रयोग फसला. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे उन्हाळ्यातला सराव बुडाला, जॅक्सनला कोणतीही स्पर्धा न घेता जागा देण्यात आली आणि संघाने ७ सामने जिंकून ९ गमावले.

सारासार पाहता, निवडीचा क्रमांक, उंची, आधीच्या संघातली प्रतिष्ठा यांपैकी कोणत्याही कागदी पुराव्यावर विसंबून सिएटलचे भले झालेले नव्हते. माझ्या मते ही जागा प्रत्यक्ष स्पर्धेतून ठरवण्याच्या कॅरोल यांच्या निर्णयाचे मर्म इथेच आहे. फ्लिनची कीर्तीही मुख्यतः एका दुपारची होती. २०१२ च्या १ जानेवारीला ग्रीन बेने आपला प्रमुख क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला विश्रांती दिली, आणि फ्लिनने डेट्रॉइटविरुद्ध ४८० यार्ड आणि ६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून मिळणारे गुण) फेकून ४५-४१ असा विजय मिळवला. सामना खराच विलक्षण होता. पण श्नायडर स्वतः ग्रीन बेमधून आलेले असल्यामुळे तिथल्या सरस रिसीव्हरांचा, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचा, त्यात किती वाटा होता, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

विल्सनच्या बाजूने पुरावा महाविद्यालयातला होता, पण तो जास्त काळाचा होता. नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये तीन हंगाम खेळून २०११ मध्ये तो विस्कॉन्सिनला गेला. तिथे नवे सहकारी आणि नवी खेळीपद्धत काही आठवड्यांत आत्मसात करून त्याने ३३ टचडाउन फेकले, आणि केवळ ४ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. त्याची उंची ५ फूट ११ इंचांनाही थोडी कमी भरत होती आणि केवळ तेवढ्यासाठी बहुतेक संघ त्याच्यावरून पुढे गेले. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी पाच क्वार्टरबॅक निवडले गेले.

पैशाचे गणितही याच सुमारास बदलले होते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. मालक आणि खेळाडू यांच्यातील २०११ च्या नव्या करारानंतर त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा संपूर्ण करार सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला. विल्सनचा चार वर्षांचा करार तर जेमतेम ३० लाख डॉलरचा होता. नवख्या खेळाडूला उतरवण्याची जोखीम आता पूर्वीइतकी महाग राहिली नव्हती. मात्र त्याच करारामुळे दिवसातून दोनदा पूर्ण साधनांनिशी होणारे सरावही बंद झाले. सरावात पहिल्या फळीबरोबर मिळणारी प्रत्येक खेळी त्यामुळे अधिक मोलाची ठरली, आणि ती तिघांत वाटणे म्हणजे कोणाचीच पुरेशी तयारी होऊ न देणे, अशी टीका कॅरोल यांच्यावर झाली. टीका निराधार नव्हती. ती किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

तशी ती मोजण्याचे कारण त्यांच्या आधीच्या कारकिर्दीत दिसते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना २००३ मध्ये त्यांनी मॅट लायनर्टला निवडले आणि मॅट कॅसल मागे राहिला. लायनर्टने विद्यापीठाला वैभव मिळवून दिले, म्हणजे निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही. पण महाविद्यालयात एकाही सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात न केलेल्या त्याच कॅसलने २००८ मध्ये प्रमुख क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी जायबंदी झाल्यावर न्यू इंग्लंडला ११ विजय मिळवून दिले. मागे ठेवलेल्या खेळाडूत काय होते, हे निवडणाऱ्याला सहसा कळत नाही. कॅरोल यांना ते पाच वर्षांनी कळले होते.

मे महिन्यात नवोदितांच्या तीन दिवसांच्या शिबिरानंतर कॅरोल यांनी विल्सनलाही स्पर्धेत सामील केले. ऑगस्टमधले पहिले दोन सरावसामने फ्लिनने सुरू केले. त्याची अचूकता चांगली होती, पण फेक आखूड असत आणि आक्रमण पुढे सरकत नसे; विल्सन उत्तरार्धात यायचा आणि खेळ उघडायचा. तो खेळतो समोरच्या राखीव खेळाडूंविरुद्ध, हा फ्लिनच्या समर्थकांचा मुद्दा रास्त होता. तो निकाली काढण्याचा एकच मार्ग होता. प्रमुख खेळाडू जास्तीत जास्त वेळ खेळतात तो तिसरा सरावसामना २४ ऑगस्टला कॅन्सस सिटीत झाला आणि कॅरोल यांनी तो विल्सनकडे सोपवला. फ्लिनचे कोपर दुखत असल्याने तो खेळलाच नाही. विल्सनचे १९ पैकी १३ फेक यशस्वी झाले, त्यांतून १८५ यार्ड आणि २ टचडाउन मिळाले, आणि सीहॉक्स ४४-१४ असे जिंकले. दोन दिवसांनी विल्सनचे नाव जाहीर झाले आणि जॅक्सनची रवानगी बफेलोला झाली.

वाद मात्र तिथे थांबला नाही. पहिलाच सामना ॲरिझोनात गमावला गेला. ३० सप्टेंबरला सेंट लुईसमध्ये विल्सनने तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, तेव्हा फ्लिनला आणा ही मागणी पुन्हा जोरात आली. कॅरोल यांनी ती मानली नाही, आणि त्यांना ते परवडले याचे श्रेय विल्सनइतकेच इतरांनाही जाते. चेंडू घेऊन धावणाऱ्या मार्शॉन लिंचमुळे आक्रमणाचा सगळा भार नवख्या क्वार्टरबॅकवर पडत नव्हता आणि त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा बचाव सिएटलचाच होता. दुबळ्या संघात हाच खेळाडू मायररच्या वाटेने गेला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हंगाम संपेपर्यंत सीहॉक्सने ११ सामने जिंकले आणि विल्सनने २६ टचडाउन फेकून पेटन मॅनिंग या नामवंत क्वार्टरबॅकच्या पदार्पणाच्या हंगामातील विक्रमाची बरोबरी केली. २०१४ च्या २ फेब्रुवारीला सिएटलने डेन्व्हरला ४३-८ असे हरवून पहिला सुपर बोल जिंकला.

फ्लिनला २०१३ च्या एप्रिलमध्ये ओकलंडला पाठवण्यात आले आणि तिथेही त्याची जागा टेरेल प्रायर या दुसऱ्या अननुभवी खेळाडूने घेतली. त्याच वर्षाअखेरीस तो पुन्हा ग्रीन बेत होता, आणि रॉजर्स जायबंदी असताना त्याने डॅलसविरुद्ध मध्यंतराला ३-२६ असा पिछाडीवर पडलेला सामना ३७-३६ असा जिंकून दिला. सिएटलमध्ये त्याला जागा दिली असती तर काय झाले असते, या प्रश्नाला हा एक सामना उत्तर देत नाही, पण २०१२ मध्ये त्याची बाजू घेणारे अगदीच चुकीचे नव्हते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

२०२२ मध्ये विल्सनला डेन्व्हरला दिल्यावर कॅरोल यांनी पुन्हा तीच पद्धत वापरली. या वेळी स्पर्धा होती सात वर्षे राखीव म्हणून काढलेल्या जीनो स्मिथची आणि त्याच्याहून तरुण ड्रू लॉकची. ऑगस्टअखेर स्मिथचे नाव ठरले, आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याने विल्सनच्या डेन्व्हरला सिएटलच्याच मैदानावर १७-१६ असे हरवले.