एकच ल, दोन वळणं

म्हापशाच्या बाजारात पाट्या वाचत हिंडलं की ‘ल’ दोन वळणांचा भेटतो. पेंटरने हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीवर दोन पाकळ्यांचा, शेजारच्या फ्लेक्सवर बहुधा उभ्या दंडाचा. गिऱ्हाईक दोन्ही पाट्या वाचतं आणि लोणचं घेऊन घरी जातं. फरक डोळ्यांना दिसतो, पण वाचताना मन त्याची दखल घेत नाही.

अशी दखल न घेणं किती खोलवर असतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका प्रयोगात दिसलं. पुस्तकांत छापला जाणारा दुहेरी फाशांचा रोमन ‘जी’ रोज नजरेखालून जातो. तरी चार आकृत्यांमधून बरोबर जी निवडायला सांगितल्यावर २५ पैकी फक्त ७ जणांना तो ओळखता आला.

आपल्या दोन ‘ल’मागे छापखान्यांच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. मुंबईच्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, वळण वेगळं, कोलकात्याचं वेगळं. अ, झ, ण यांच्यातही हा भेद होता. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला. गोव्यात अर्थातच तो आदेश लागू नाही, आणि दंडाचा ल चूक आहे असं मी तरी म्हणणार नाही. संगणकाच्या लेखी दोन्ही एकच: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ल’ला एकच क्रमांक आहे, आकार फाँट ठरवतो. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवली की पाकळीचं वळण येतं. त्यामुळे हा लेख वाचताना तुमच्या पडद्यावर कुठला ल उमटला आहे, ते मला इथून सांगता येणार नाही.

‘र’चं प्रकरण मात्र निराळं. कर्म, क्रम, ट्रक, दऱ्या, रस: शेजारी कोण बसलं आहे त्यावर त्याचं रूप बदलतं. अशा रूपांनीच गोव्यातल्या पहिल्या मुद्रकांना जेरीस आणलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. पण फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात खंत केली की इथल्या लिपीसाठी सुमारे ६०० साचे ओतावे लागतील, युरोपात २४ अक्षरांवर भागतं. त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर इथे छापलं गेलं ते रोमन लिपीत.

यातली बहुतेक रूपं निव्वळ जागेनुसार ठरतात. अपवाद दऱ्यांमधल्या ‘र’चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या. पहिल्यात ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. शेजारी तोच ‘य’, तरी आकार बदलला की उच्चार आणि अर्थही बदलतो. म्हणजे इथे फाँटच्या मर्जीवर सोडून चालत नाही, फरक मजकुरातच नोंदवावा लागतो. युनिकोडने त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ कामाला लावला. हे अक्षर मुळात दक्षिणेकडच्या भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेलं. त्याला हलन्त जोडून पुढे ‘य’ टाइप केला, की नुक्ता गळून पडतो आणि मराठीचा ‘ऱ्य’ उमटतो.