इंजिन खोललेच आहे, तर आणखी काय बदलावे?
व्ही-६ डिझेल मर्सिडीज वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑइल लीकचे एस्टिमेट हातात पडले की बहुतेक ग्राहक विचारतात, "सील दोनच आणि मजुरी एवढी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गाडी आत घेण्याआधीच आपल्याला मिळावे, म्हणून हे पत्रक.

मर्सिडीजच्या ई ३५० सीडीआय, एमएल ३५० सीडीआय, जीएल ३५० सीडीआय अशा गाड्यांत ओएम ६४२ हे ३ लिटरचे डिझेल इंजिन असते. ते २००५ साली बाजारात आले. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत, एकमेकींशी ७२ अंशांचा कोन करून बसवलेले. या दोन रांगांमधल्या खोबणीच्या तळाशी ऑइल कूलर असतो. त्याच्या वर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग), मागे टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) आणि या सगळ्यांवर एअर पाइप, होज व वायरिंग. कूलर ब्लॉकवर जिथे बसतो तिथे दोन सील असतात. वर्षानुवर्षे तापून ती कडक होतात, चपटी पडतात आणि तेल झिरपू लागते. सील हातात घेतले तर तळहातावर मावते, पण तिथवर पोचायला इंजिनाचा वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. मजुरी त्याची असते.

या गळतीचा एक फसवा भाग आहे. खोबणीत साठलेले तेल मागच्या बाजूने उतरते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ठिबकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले. मग गिअरबॉक्स उतरतो, सील बदलले जाते आणि गळती तशीच राहते. असा खर्च करून आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे फार वाईट वाटते. म्हणून आम्ही आधी तेलात चमकणारा रंग टाकून गाडी चालवायला देतो, नंतर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने आणि बारीक कॅमेऱ्याने खोबण तपासतो. तेल वरून येत असल्याचे आपल्याला स्क्रीनवर दाखवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करत नाही.

आता मूळ प्रश्न. मॅनिफोल्ड आणि टर्बो बाहेर आल्यावर आणखी काय बदलावे? इथे भागाची किंमत आम्ही दुय्यम मानतो. तो भाग पुढे बिघडला तर हे सगळे पुन्हा उतरवावे लागेल का, हे आधी पाहतो. उत्तर 'हो' असेल आणि तो भाग रबराचा, प्लास्टिकचा किंवा एकदाच वापरायचा असेल, तर तो आजच बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कूलरची सील नव्या, सुधारित प्रकारचीच घ्यावीत. जुनी नारिंगी असतात, सुधारित जांभळी. ती व्हिटॉनची (उष्णता व तेल सोसणाऱ्या रबराची) असल्याने गरम तेलात जास्त टिकतात. जुन्या रंगाची सील कुठे स्वस्तात मिळाली, तरी आम्ही ती बसवत नाही. मॅनिफोल्डची आणि टर्बोची गॅस्केट, टर्बोतून तेल परतणाऱ्या पाइपचे सील, हेही नवेच. जुने गॅस्केट पुसून परत लावण्यात वाचणारे पैसे इतके थोडे असतात की त्यासाठी अख्खे काम पणाला लावू नये.

टर्बोच्या तोंडाशी एअर पाइप जिथे बसतो तिथले सील आपण विसरू नये, अशी विनंती. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या भागातून) येणारी तेलाची वाफ याच वाटेने आत जाते. सील सैल पडले की तेल बाहेर येते आणि थेट खाली असलेल्या मोटरवर ठिबकते. ही मोटर मॅनिफोल्डमधल्या हवेच्या झडपा फिरवते. तिच्यात तेल शिरले की ती बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी ओढ घेईनाशी होते. पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या माणसाला पसरणीच्या घाटात याचा अनुभव येऊ नये. मोटरमध्ये तेल शिरल्याच्या खुणा असतील तर ती याच वेळी बदलावी. कोरडी आणि स्कॅनरवर व्यवस्थित असेल तर ठेवावी. पण सील मात्र नवेच, शिवाय ब्रीदरचा होज आणि त्याचे सीलही. झडपांचे प्लास्टिकचे दांडे हाताने फिरवून पाहतो. मॅनिफोल्डमध्ये काजळीचा थर असतोच, तो साफ करण्याची मजुरी वेगळी लावत नाही.

कूलंट काढावेच लागते, म्हणून जुना थर्मोस्टॅट आणि कडक झालेले होज याच वेळी बदलणे शहाणपणाचे. इंजिन ऑइल आणि फिल्टरही नवे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत मर्सिडीजच्या २२९.५१ मान्यतेचेच ऑइल घालतो, कारण कमी राख सोडणारे ऑइल नसेल तर डीपीएफ लवकर भरतो.

काही भाग मात्र आम्ही सुचवणार नाही. वॉटर पंप, अल्टरनेटर आणि बेल्ट इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतात. ते पुढे कधी गेले तरी टर्बो उतरवावा लागत नाही, म्हणून ठीक असतील तर त्यांना हात लावत नाही. टर्बोची शाफ्ट हलवून पाहतो. खेळ मर्यादेत असेल तर तोच टर्बो परत बसतो. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा थर दिसला तरच तांब्याचे वॉशर बदलण्याविषयी बोलू. "खोललेच आहे, तर सगळेच नवे टाका" असे म्हणणारे ग्राहक भेटतात. त्यांनाही आम्ही हेच सांगतो.

हाच हिशेब दुसऱ्या गाड्यांनाही लागतो. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या २ लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन (क्रँकशाफ्ट आणि झडपा यांचा मेळ राखणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे काम निघाले तर चेनबरोबर गाइड (तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या), टेन्शनर (तिला ताण देणारा भाग) आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील बदलावेच. लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या २.७ लिटरच्या व्ही-६ डिझेलमध्ये इंधन पंपाचा वेगळा बेल्ट मागच्या बाजूला असतो. टर्बोसाठी बॉडी उचलायची वेळ आली, तर तो बेल्ट तसाच ठेवून बॉडी खाली आणू नये.

आमची पद्धत अशी. एस्टिमेटमध्ये तीन भाग असतात: बदलायचेच, उघडल्यावर पाहून ठरवायचे, आणि आपल्या इच्छेवर सोडलेले. मधल्या भागातल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि आपला होकार आल्यावरच पुढे जातो. नक्की लागणारे पार्ट १७ अंक-अक्षरांच्या चेसिस नंबरवरून आधी मागवतो आणि ते आल्यावरच इंजिन उघडतो. पार्टची वाट पाहत इंजिन दिवसेंदिवस उघडे ठेवणे आम्हाला मान्य नाही. मॅनिफोल्ड निघाल्यावर सिलिंडर हेडची उघडी तोंडे लगेच झाकतो, कारण आत पडलेला एक नटसुद्धा इंजिनाचा घात करू शकतो. काढलेले सगळे जुने भाग डिलिव्हरीच्या वेळी खोक्यात घालून आपल्याला दाखवतो. हवे तर घरी न्यावेत.

गाडी आणताना सर्व्हिसची जुनी बिले जवळ ठेवावीत. थर्मोस्टॅट किंवा टर्बो आधी बदललेला असेल तर तेवढा खर्च वाचतो. तेल टॉप-अप केले असेल तर किती किलोमीटरला किती लागले तेही सांगावे. आणि गळती पाहायला येण्याआधी इंजिन धुऊन आणू नये, तेलाच्या खुणा आम्हाला हव्या असतात.